मृत नायकाचे पुनरागमन आणि शेवटाचे मोल : ‘उत्तररामचरित’ ते जपानी ॲनिमे

प्रस्तावना

कथेचा नायक मरण पावतो, त्याच्या मरणाने कथेला पूर्णविराम मिळतो आणि काही वर्षांनी तोच नायक जिवंत होऊन पुन्हा प्रेक्षकांसमोर उभा राहतो. अशा वेळी आधीच्या शेवटाचे काय होते? तो शेवट खोटा ठरतो, दुबळा होतो की आपल्या जागी अबाधित राहतो? हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जपानी ॲनिमेशन मालिकांच्या, म्हणजेच ॲनिमेच्या, संदर्भात वारंवार विचारला गेला आहे. बुलढाणा, खामगाव, मेहकर, चिखली येथील महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थीही आता या मालिका मोबाइलवर पाहतो. त्यामुळे हा प्रश्न साहित्याच्या वर्गात येऊन पोहोचला तर आश्चर्य वाटू नये. मात्र तो केवळ नव्या करमणुकीचा प्रश्न मानणे चुकीचे ठरेल. विदर्भाशी नाते सांगणाऱ्या एका थोर नाटककाराने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाला हात घातला होता. त्याने दिलेल्या उत्तराच्या आधारे आजच्या उदाहरणाकडे पाहणे आणि पुनरागमन केव्हा शेवटाला बाधक ठरते याची कसोटी शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रश्नाचे आजचे रूप

‘कोड गियास : लेलूश ऑफ द रिबेलियन’ ही सनराइज या स्टुडिओची मालिका २००६-०७ मध्ये प्रसारित झाली आणि तिचे दुसरे पर्व २००८ मध्ये संपले. गोरो तानिगुची हे तिचे दिग्दर्शक व इचिरो ओकोउची हे मुख्य लेखक होत. ब्रिटानिया साम्राज्याने दूर लोटलेला राजपुत्र लेलूश हा ‘झीरो’ या नावाने मुखवटा धारण करून साम्राज्याविरुद्ध बंड उभारतो. दुसऱ्याला आपली आज्ञा पाळायला लावणारी एक गूढ शक्ती त्याला लाभलेली असते. तिच्या वापरामुळे आणि युद्धामुळे असंख्य माणसे मरतात. अखेरीस तो स्वतः सम्राट होतो, जगाचा सारा द्वेष जाणीवपूर्वक आपल्या एकट्यावर ओढवून घेतो आणि ठरलेल्या बेताप्रमाणे मित्र सुझाकू याच्या हातून, सर्वांच्या देखत, मारला जातो. मारणाऱ्याची स्वतः मरण्याची तयारी असली पाहिजे, हे या कथेचे प्रारंभापासूनचे सूत्र. नायकाच्या मरणाने ते सूत्र पूर्ण होते. म्हणूनच हा शेवट या माध्यमातील अत्यंत बंदिस्त आणि समाधानकारक शेवटांपैकी एक मानला गेला.

पुढे २०१७ व २०१८ मध्ये मालिकेचे तीन संकलित चित्रपट निघाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांच्यापुढची कथा सांगणारा नवा चित्रपट आला. त्यात लेलूश पुन्हा जिवंत झालेला दिसतो. येथूनच वादाला तोंड फुटले. एका पक्षाच्या मते नायक परत आला त्या क्षणी त्याचे बलिदान हे बलिदान राहिले नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते नवा चित्रपट हा संकलित चित्रपटांचा पुढचा भाग असून मूळ मालिकेपासून वेगळा आहे. तेव्हा मूळ शेवटाला धक्का लागत नाही. या दोन्ही मतांची तपासणी करण्यापूर्वी पुनरागमन म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पुनरागमनाचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात मृत पात्र परत येते, परंतु मरण तसेच राहते. झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे पहिले पर्व २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाले. २०१९ मधील दुसऱ्या पर्वात कथाकाळ मागे नेऊन जिवंतपणीचे अण्णा दाखविण्यात आले. येथे प्रेक्षकाला पात्र परत मिळाले, पण मृत्यूचा निकाल बदलला नाही. उलट अंत ठाऊक असल्यामुळे प्रत्येक प्रसंगावर त्याची छाया पडली.

दुसऱ्या प्रकारात मरण घडलेच नव्हते, असे उघड होते. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले आणि १९०३ मध्ये तो वाचला होता असे सांगून परत आणले. येथे आधीचा शेवट हा शेवट नव्हता, तर साक्षीदाराचा गैरसमज होता, अशी मांडणी करावी लागते.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने पुनरुज्जीवनाचा. पात्र मरते आणि दैवी किंवा गूढ शक्तीने पुन्हा उठते. लेलूशचे पुनरागमन या प्रकारात मोडते. शेवटाच्या मोलाचा प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतच तीव्र होतो. या दोन्ही प्रकारांची समर्थ उदाहरणे संस्कृत नाटकात आहेत.

परंपरेतील दंडक आणि ‘नागानंद’

संस्कृत नाट्यपरंपरेचा कल सुखान्ताकडे आहे. नाटकातील मुख्य नायकाचा वध दाखवू नये, असा दंडक दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त आढळतो. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगभूमीवर प्राण सोडतो, परंतु असे उदाहरण विरळा. या दंडकामुळे संस्कृत नाटक मरणाला सामोरे जात नाही, असा आक्षेप घेतला जातो. सातव्या शतकातील हर्षाचे ‘नागानंद’ हे या आक्षेपाच्या संदर्भात पाहण्याजोगे आहे.

विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन हा शंखचूड नावाच्या नागाऐवजी स्वतःचा देह गरुडाला अर्पण करतो. आपण भलत्याच जीवाला खाल्ले हे गरुडाला कळते, त्याला पश्चात्ताप होतो आणि मरणासन्न नायकाकडून तो यापुढे नागांची हत्या न करण्याचा उपदेश घेतो. त्यानंतर जीमूतवाहन मरतो आणि गौरी त्याला जिवंत करते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. गरुडाचे परिवर्तन आधी घडते, पुनरुज्जीवन नंतर. नायक उठून बसला म्हणून गरुड पुन्हा हिंसक होत नाही. मरणाने जे साधावयाचे होते ते साधून झाले आहे आणि पुनरुज्जीवनाने त्यातले काहीही परत घेतलेले नाही. गौरीचे आगमन आजच्या वाचकाला बाहेरून आणल्यासारखे वाटेल, परंतु त्याने बलिदानाचे मोल कमी केले असे म्हणता येत नाही.

भवभूतीचा सातवा अंक

आठव्या शतकातील भवभूतीने आपले मूळ विदर्भातील पद्मपूर असल्याचे नोंदविले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे स्थान असल्याचे मत मांडले. त्याच्या ‘उत्तररामचरिता’चे मराठी भाषांतर परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात केले, ‘नागानंद’ही त्यांनीच मराठीत आणले. म्हणजे हा प्रश्न मराठी वाचकाच्या परिचयाचा होऊन दीड शतक उलटले आहे.

वाल्मीकि-रामायणाच्या उत्तरकांडाचा शेवट अतिशय ठाम आहे. सीता भूमीच्या पोटात जाते आणि परत येत नाही. भवभूती हा शेवट नाकारतो व राम-सीतेचे मीलन घडवितो. पण नाकारण्यापूर्वी तो काय करतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर नाटकातले नाटक होते. वाल्मीकींची रचना अप्सरा सादर करतात आणि प्रेक्षकांत राम, लक्ष्मण व अयोध्येचे प्रजाजन बसलेले असतात. त्या गर्भनाटकात त्यागानंतरची सीता गंगेत उडी घेते, जुळ्या पुत्रांना जन्म देते आणि आपल्याला पोटात घे अशी विनवणी पृथ्वीमातेला करते. म्हणजे भवभूती मूळ शेवट लपवीत नाही. तो रामाला आणि प्रजेला पाहायला लावतो. राम मूर्च्छित होतो. मगच अरुंधती प्रत्यक्ष सीतेला घेऊन येते. एवढ्यावरही मीलन पूर्ण होत नाही. ज्या प्रजेच्या अपवादामुळे सीतेचा त्याग झाला, तिला अरुंधती जाब विचारते आणि प्रजाजन सीतेला वंदन करतात. त्यानंतर राम तिचा स्वीकार करतो.

या रचनेचा अर्थ स्पष्ट आहे. सीता परत आली, पण बारा वर्षे परत आली नाहीत. तिसऱ्या अंकात, गोदावरीतीरावरच्या पंचवटीत, रामाने केलेला शोक अदृश्य सीतेने स्वतः ऐकला आहे. तो शोक पुसला जात नाही; त्याच्या आधारावरच मीलन शक्य होते. ज्यांनी अन्याय केला त्यांच्यासमोर तो उच्चारला जातो, त्यांची मान खाली जाते आणि नंतर गमावलेले माणूस परत मिळते. मूळ शेवटाने विचारलेला प्रश्न, म्हणजे निरपराध स्त्रीला समाजाने दिलेल्या वागणुकीचा प्रश्न, भवभूतीने सोडून दिलेला नाही. त्याने त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रजेवर टाकली.

शंबूकाचे दिव्य रूप

मात्र याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात आणखी एक मृत्यू आणि आणखी एक पुनरागमन आहे. भवभूतीच्या रसिकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. तप करणाऱ्या शंबूक या शूद्राचा राम दंडकारण्यात वध करतो. त्या क्षणी रामाच्या मनात कालवाकालव होते. सीतेचा त्याग करणाऱ्या आपल्या हाताला करुणा कुठली, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. वधानंतर शंबूक दिव्य पुरुषाच्या रूपात प्रकट होतो, रामाविषयी कृतज्ञता व्यक्त करतो आणि त्याला दंडकारण्य दाखवितो.

सीतेच्या पुनरागमनाला लावलेला निकष येथे लावला तर निकाल वेगळा येतो. शंबूकाला कोणत्या नियमामुळे मरावे लागले, त्या नियमाला येथे कोणीही जाब विचारीत नाही. मान खाली घालणारी प्रजा येथे नाही, अरुंधती नाही. मृतालाच दिव्य रूप देऊन त्याच्या तोंडून धन्यवाद वदविले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधात शंबूकवधाकडे चातुर्वर्ण्य टिकविण्यासाठी लागणाऱ्या दंडशक्तीचे उदाहरण म्हणून पाहिले. त्या दृष्टीने वाचता दुसऱ्या अंकातील दिव्य रूप हे मृत्यूची भरपाई ठरत नाही. ते त्या मृत्यूवर घातलेले आच्छादन ठरते. एकाच नाटककाराच्या एकाच कृतीत एक पुनरागमन अन्यायाचा हिशेब मांडते आणि दुसरे तो मिटवून टाकते. पुनरागमनाचे मूल्यमापन कोणत्या आधारावर करावे, हे या दोन प्रसंगांच्या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होईल.

इतिहासातील एक पुनरागमन

शेवट न स्वीकारण्याची गरज केवळ नाटककाराची नसते, समाजाचीही असते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी ते मरण मानले नाही, इ.स. १७८३ मध्ये निधन होईपर्यंत त्या सौभाग्यवतीप्रमाणेच राहिल्या. दरम्यान एक कनोजी ब्राह्मण ‘आपणच भाऊ’ असे सांगत पुढे आला. तो कैदेत पडला. पुढे १७७६ मध्ये रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला मुक्त केल्यावर कोकणात मोठे बंड उभे राहिले. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे १९१३ चे नाटक याच घटनेवर आधारलेले आहे.

हजारो माणसे तोतयाच्या मागे गेली, याचे कारण केवळ फसवणूक नव्हे. पानिपताचा शेवट इतका असह्य होता की तो खोटा ठरावा ही इच्छाच पुराव्याची जागा घेऊ लागली. याउलट बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाचे उदाहरण घेता येईल. इ.स. १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात लखुजीराव जाधव आपल्या मुलांसह मारले गेले. तो शेवटही क्रूरच होता. पण लखुजीरावांची भव्य समाधी सिंदखेडराजास उभी आहे आणि त्यांची कथा पुढे नेण्यासाठी कोणाला त्यांना जिवंत करावे लागले नाही. त्यांची कन्या जिजाऊ आणि नातू शिवराय यांच्या कर्तृत्वात ती पुढे गेली. मृताचे कार्य दुसऱ्याने खांद्यावर घेतले की शेवट शेवटासारखा राहतो. कोणी घेतले नाही, तर तोतयाला जागा मिळते. मालिकांच्या बाजारपेठेला हे चांगलेच ठाऊक असते. प्रेक्षकाच्या न संपलेल्या शोकावर नवी निर्मिती उभी करणे तिला सोपे जाते.

लेलूशच्या पुनरागमनाचे मूल्यमापन

आता मूळ उदाहरणाकडे वळता येईल. नवा चित्रपट वेगळ्या कथाधारेतला आहे, हा बचाव तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मूळ मालिकेत मरणारी शर्ली ही व्यक्तिरेखा संकलित चित्रपटांत जिवंत राहते आणि लेलूशच्या पुनरुज्जीवनात तिचा हातभार लागतो. तेव्हा दोन कथा एक नव्हेत. परंतु प्रेक्षकाचे मन कथाधारांचे असे कप्पे पाळीत नाही. उत्तरकांड ठाऊक असलेला वाचकच ‘उत्तररामचरित’ वाचतो आणि एक दुसऱ्याला उजळते किंवा झाकोळते. म्हणून केवळ वेगळेपणाच्या सबबीवर प्रश्न निकालात निघत नाही.

लेलूशच्या मरणाने दोन गोष्टी साधल्या होत्या. पहिली सार्वजनिक : जगाचा द्वेष एका देहाबरोबर संपला आणि झीरोचा मुखवटा सुझाकूने धारण केला. ही गोष्ट नव्या चित्रपटात कायम राहते. लेलूश जिवंत असल्याचे जगाला कळत नाही, तो सिंहासनावर परतत नाही, सुझाकूची जबाबदारी संपत नाही. ‘नागानंदा’तील गरुडाप्रमाणे येथेही घडलेले परिवर्तन टिकते. दुसरी गोष्ट नैतिक : ज्याने मारले त्याने स्वतःच्या प्राणाने त्याचे मोल चुकविले. येथे मात्र चित्रपट कमी पडतो. चुकविलेले मोल नायकाला परत मिळते. त्याच्या हातून मेलेल्यांना मात्र अशी परतफेड नाही. चित्रपटाच्या शेवटी तो बहीण, नाव आणि घर सोडून सहचरीबरोबर अज्ञात प्रवासाला निघतो. ही किंमत खरी आहे, पण ती मृत्यूच्या तोलाची नाही. शिवाय ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासमोर उभे राहण्याचा प्रसंग, जो भवभूतीने सीतेच्या पुनरागमनापूर्वी घडवून आणला, त्या तोडीचा प्रसंग येथे नाही.

म्हणून या पुनरागमनाने २००८ चा शेवट खोटा ठरतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याच्या नैतिक बाजूचा भार हलका होतो, हे मान्य करावे लागेल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मृत नायक परत येणे ही घटना स्वतः शेवटाला बाधक नसते. मरणाने जे घडले ते पुनरागमनानंतर टिकते किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे.

२. पुनरागमनापूर्वी मूळ शेवटाला पूर्णपणे सामोरे जावे लागते. भवभूतीने सीतेचे भूमीला शरण जाणे रंगभूमीवर दाखविले आणि मगच ते उलटविले.

३. अन्यायामुळे आलेले मरण असेल, तर अन्याय करणाऱ्यांना जाब विचारल्याशिवाय मृताला उठविणे म्हणजे त्या अन्यायावर पांघरूण घालणे होय. शंबूकाचे दिव्य रूप हे त्याचे उदाहरण.

४. पुनरागमनाची गरज कथेची आहे की प्रेक्षकाच्या शोकाची, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. तोतयाचे बंड हे त्या गरजेचे इतिहासातील टोक होय.

या निष्कर्षांना बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात वेगळे वजन आहे. शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. शेतकरी कुटुंबाची परवड मांडणारी ‘बारोमास’ ही कादंबरी याच जिल्ह्यातील अमडापूरच्या सदानंद देशमुख यांची. येथल्या वर्गात बसलेल्या काही विद्यार्थ्यांनी घरातले मरण प्रत्यक्ष पाहिलेले असते. ते माणूस परत येत नाही, हे त्यांना शिकवावे लागत नाही. नायकाला पुन्हा उठविणाऱ्या कथा त्यांनी पाहू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कथेत मेलेल्याला परत आणताना तो कशाने मेला, याचे उत्तर कोणी दिले का, हे विचारण्याची सवय त्यांना साहित्याच्या तासाला लागली पाहिजे. ‘उत्तररामचरिता’चा दुसरा आणि सातवा अंक शेजारी ठेवून वाचला, तर ती सवय लागण्यास सुरुवात होऊ शकेल.